वाजवून बघताना

उद्यमबागेत, दुसऱ्या शेडच्या दाराशी माझं टेबल.
एक हातोडी, खडूचा डबा,
आणि ट्रॉली भरून येणारं ओतीव लोखंड, अजून कोमट.
एकेक उचलायचं, हळूच टोकायचं, कान द्यायचा.
धड असेल तर आवाज लांबतो.
तडा असेल तर तिथल्या तिथे बसतो,
सर्दीत गळा बसतो तसा.
सतरा वर्षं हेच. सलोमीचा कान चुकत नाही,
सुपरवायझर म्हणतात.
मी म्हणते, चुकेल की कधीतरी.

मी काय काय म्हणते
ते कुणाला ऐकू जात नाही.
स्कूटी स्टँडवरून पडली: तुला उभंसुद्धा करता येत नाही.
भाकरी करपली: तुझ्या हाताला चवच नाही.
पोरगा गणितात राहिला: आईवर गेला.
आणि सगळं सुरळीत असलं तर:
थांब, कळेल सगळ्यांना आज ना उद्या.

या आवाजाला दोन भाषा येतात.
चौथीतल्या बाईंची कन्नड, "दड्डी", पट्टीसकट.
आणि बाबांची मराठी, "हिच्या हातून काय व्हायचंय".
बाई निवृत्त होऊन हुबळीला गेल्या.
बाबा दफनभूमीत, कडुलिंबाखाली.
वाक्यं मात्र खोली सोडत नाहीत,
भाडंही देत नाहीत.

रविवारी पापकबुलीच्या प्रार्थनेला
सगळ्यांच्या आधी माझी मान खाली.
मला वाटायचं, हीच नम्रता.
पाळकसाहेबांना एकदा माझं काम सांगितलं,
तर पुढच्या रविवारी त्यावर उपदेशच:
भट्टी, वितळणं, नवं होणं.
चांगला होता.
पण मला आणखी वितळायचं नव्हतं.
मी रोजच वितळत होते.

मग मार्चमधला एक बुधवार. पंपाच्या कव्हरांची लॉट.
एक टोकलं, आवाज बसला.
खडूनं गोल काढला, वहीत लिहिलं:
डावी कड, बोल्टच्या भोकाजवळ, तडा, चार मिलिमीटर.
आणि हात थांबला.
सतरा वर्षांत एकदाही मी लिहिलं नव्हतं,
हे लोखंडच नालायक.
लिहिलं असतं तर वही खोटी ठरली असती.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही
हे संडेस्कूलपासून पाठ.
स्वतःविरुद्ध चालते,
असं मला कुणी सांगितलं होतं?

आता घरीही तसंच लिहायचा प्रयत्न करते, मनात.
भाकरी करपली: तवा तापला होता, मी फोनवर होते.
एवढंच. पुढे काही नाही.
जमतं कधी.
परवा नाही जमलं, सबंध संध्याकाळ बाई पट्टी घेऊन उभ्या होत्या.

अशा रात्री मला तो कोळी आठवतो.
तीनदा म्हणाला, मी ओळखत नाही त्याला.
कोंबडा आरवला तसा बाहेर जाऊन रडला.
नंतरच्या दिवसांत तो स्वतःला काय म्हणाला
हे कुठे लिहिलेलं नाही.
मला माहीत आहे. शब्दन् शब्द.
पण पहाटे किनाऱ्यावर निखारे फुललेले,
वर मासे,
आणि ज्याला नाकारलं तोच तिथे वाट बघत.
हिशेब नाही काढला. आधी खाऊन घ्या, म्हणाला.
विचारायचं ते नंतर विचारलं, पोट भरल्यावर,
आणि तेही प्रेमाबद्दल.

एक वाजता भोंगा होतो.
रुद्रव्वा वाळू झाडायची थांबते, पदरानं तोंड पुसते.
माझ्या आत अजून कुणीतरी बोलत असतं,
सकाळची कुठलीतरी चूक घोळवत.
ती पोत्यावर सरकून जागा करते,
कडक भाकरीवर शेंगाचटणी ठेवते
आणि विचारते, "ऊटा आतेन्री?"

तो किनाऱ्यावर कुठल्या भाषेत बोलला
हे पाळकसाहेबांना ठाऊक असेल.
मला तो असाच ऐकू येतो.

"नाही अजून," मी म्हणते,
आणि बसते.